मधल्या घाटाचं हवामान

लोणावळ्यात जुलै महिन्यात खिडकीबाहेर बघायला काही नसतं. ढग गल्लीत उतरलेला असतो. समोरच्या घराची भिंत दिसत नाही, मीठ ओलं, माचिस ओली, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस तसेच. अकरावीत असताना मामेभावाने त्याचा जुना कॉम्प्युटर आम्हाला दिला आणि मला या पावसाचं काही वाटेनासं झालं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची २००३ सालची आवृत्ती होती. बाहेर काहीही असो, मी उडू शकत होते.

त्या संध्याकाळचा बेत साधा होता. छोटं सेस्ना १७२ घेऊन पुण्याच्या लोहगावहून निघायचं, आपल्या घरावरून जायचं आणि मुंबईला उतरायचं. नेट जोडलेलं असलं की हा खेळ जगभरच्या विमानतळांचं त्या वेळचं खरं हवामान उतरवून घ्यायचा. रेडिओचा आकडा फिरवला की एक आवाज सुरू व्हायचा. एकसुरी, तुटक, जणू प्रत्येक शब्द वेगळ्या दिवशी रेकॉर्ड करून नंतर शिवलेला. माहिती ब्राव्हो. वारा दोनशे सत्तर अंशांवरून, दहा नॉट. दृश्यमानता पाच किलोमीटर. हलका पाऊस. तापमान चोवीस, दवबिंदू बावीस. क्यूएनएच एक हजार तीन. मग पुन्हा पहिल्यापासून.

मला तो आवाज फार आवडायचा. गाणं ऐकावं तसा मी तो ऐकायचे. ऐकून करायचं मात्र काहीच नाही.

कामशेत मागे पडलं. समोर एक हिरवट फुगवटा आला. खेळात त्याला नाव नव्हतं, पण माझ्यासाठी तो विसापूर होता. शाळेच्या सहलीत चढलेला किल्ला, उंची १,०८४ मीटर, म्हणजे साधारण ३,५५६ फूट. माझ्या विमानातला उंचीचा काटा ३,७०० फूट दाखवत होता. जवळजवळ दीडशे फूट वरून जाणार याची मला खात्री होती. फुगवटा मोठा होत गेला, डोळ्यांना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काटा ३,७०० म्हणत होता. मी काट्यावर विश्वास ठेवला आणि विसापुरावर आदळले.

मागे बाबा उभे होते. ते रेल्वेत गँगमन. त्या दिवशी रात्रपाळी होती म्हणून रेनकोट चढवत होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "तो माणूस मघापासून काय सांगत होता?"

"हवामान. पुण्याचं. पुढे गेलं की मुंबईचं लागतं."

"आणि घाटातलं कोण सांगतं?"

मी म्हटलं, घाटात विमानतळ नाही. ते म्हणाले, "मग तिथलं कोणीच सांगत नाही होय?" आणि बॅटरी घेऊन बाहेर पडले.

हा लेख त्या प्रश्नाचा आहे.

*

आधी माझ्या चुकीचा हिशेब. त्या आवाजाला एटिस म्हणतात. विमानतळाची चालू माहिती सतत, आपोआप वाजवत राहणारी ही रेडिओसेवा. पूर्वी प्रत्येक वैमानिक नियंत्रकाला वारा किती, पाऊस आहे का, कुठली धावपट्टी चालू आहे असं विचारायचा आणि नियंत्रक प्रत्येकाला तेच तेच सांगायचा. विमानं वाढली तसा त्यात वेळ जाऊ लागला. मग हीच माहिती एकदा रेकॉर्ड करून वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर फिरवत ठेवायची पद्धत आली. प्रत्येक नव्या माहितीला एक अक्षर मिळतं: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. ही अक्षरमाला १९५६पासून जगभरच्या विमानांत चालते. वैमानिक नियंत्रकाशी बोलताना "माझ्याकडे ब्राव्हो आहे" म्हणतो. नियंत्रकाकडे तोवर चार्ली आलेलं असेल, तर त्याला लगेच कळतं की या माणसाचं हवामान शिळं आहे.

त्यातला क्यूएनएच हा शब्द सगळ्यात निर्जीव वाटतो, आणि मला आपटवलं त्यानेच. तो क्यू-संकेतांच्या घराण्यातला. १९१२च्या सुमारास जहाजांच्या बिनतारी यंत्रांसाठी ठरवलेले हे तीन-तीन अक्षरांचे संकेत, म्हणजे भाषा कुठलीही असो, टकटक करून प्रश्न विचारता यावा. विमानांनी तेच उचलले. क्यूएनएच म्हणजे समुद्रसपाटीला आणून मोजलेला तिथला हवेचा दाब.

विमानातला उंचीचा काटा खरं तर उंची मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. म्हणून आज इथे दाब किती आहे, हे त्याला आधी सांगावं लागतं. न सांगितलं तर तो ठरलेला १,०१३ हेक्टोपास्कल धरून चालतो. पावसाळ्यात आपल्याकडचा दाब उतरलेला असतो, त्या दिवशी तो १,००३ होता. एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट. दहाचा फरक म्हणजे जवळपास ३०० फूट. काटा ३,७०० म्हणत होता तेव्हा मी खरं तर ३,४००च्या आसपास होते आणि विसापूर माझ्यापेक्षा उंच होता.

याहून लाजिरवाणी गोष्ट मला नंतर कळली. लोहगावच्या धावपट्टीची उंची १,९४२ फूट आहे. मी धावपट्टीवर उभी होते, चाकं जमिनीला टेकलेली होती, तेव्हाच काटा २,२००च्या वर दाखवत होता. चूक उड्डाणाच्या आधीपासून डोळ्यांसमोर होती आणि दुरुस्ती कानांत वाजत होती.

*

या आवाजाच्या आधीची शांतता कशी असेल, याचा विचार करताना मी पुण्यातच येऊन पोचले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या पस मॉथ विमानात टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. भारतीय विमानसेवेची सुरुवात म्हणून ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. विमानात रेडिओ नव्हता, हे मात्र त्या धड्यात नसतं. एकदा चाकं जमिनीवरून उचलली की पुढे ढग आहेत की ऊन, हे पुढे जाऊनच कळायचं.

जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठचा चिखल. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. मग कंपनी आपला बाडबिस्तरा उचलून पुण्याला यायची आणि पावसाळा संपेपर्यंत येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून विमानं उडायची. गंमत अशी, की त्याच शहरात, नदीच्या अलीकडे, देशाचं हवामान बसलेलं होतं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं होतं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीमुळे तिथल्या चौकाला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात. पीएमपीची बस पकडायला मी कॉलेजात असताना रोज तिथे उभी राहायचे आणि पुण्यात शिमला कुठून आला, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. देशभरच्या वेधशाळांच्या नोंदी तारेने त्या इमारतीत जमत, नकाशे काढले जात. पण आकाशात असलेल्या रेडिओविना वैमानिकाला त्या नकाशावरची पुढची रेघ कोण सांगणार?

त्याच काळात समुद्रापलीकडे टपाल आणि हवामान यांनी मिळून एक वेगळंच यंत्र जगापुढे आणलं. १९३४च्या फेब्रुवारीत अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांची हवाई टपालाची कंत्राटं रद्द केली आणि ते काम लष्कराच्या वैमानिकांवर सोपवलं. हिवाळा कडक होता. ढगांत, रात्री, नुसत्या यंत्रांकडे बघून उडण्याचा सराव त्यांतल्या बहुतेकांना नव्हता. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक मेले. तेव्हा लष्कराला एडविन लिंक या माणसाची आठवण झाली. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. ऑर्गनमधले भाते वापरून त्याने १९२९च्या सुमारास एक खोटं विमान तयार केलं होतं. आत बसून दांडा हलवला की ते झुकायचं, वळायचं, पण जागा सोडायचं नाही. जत्रेतला खेळ म्हणूनच ते जास्त खपत होतं. लष्कराचे अधिकारी नेवार्कला त्याची वाट बघत होते आणि हवामान इतकं वाईट होतं की तो येणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. लिंक त्या हवामानातून स्वतः विमान चालवत, यंत्रांच्या भरवशावर येऊन उतरला. लष्कराने सहा यंत्रं विकत घेतली.

लिंकच्या त्या डब्याला झाकण असायचं. आतल्या विद्यार्थ्याला बाहेरचं काही दिसायचं नाही. शेजारी टेबलावर शिक्षक माइक घेऊन बसायचा. तोच नियंत्रक व्हायचा, तोच रेडिओचे संकेत पाठवायचा. टेबलावरच्या नकाशावर एक छोटं चाकांचं यंत्र शाईची रेघ ओढत चालायचं, विद्यार्थी कुठे भरकटला ते दाखवत. त्याला खेकडा म्हणायचे. माझ्या कॉम्प्युटरमधला तो तुटक आवाज टेबलापलीकडच्या त्या शिक्षकाचा नातू आहे. सिम्युलेटरला लोक खेळ समजतात. त्याला पहिलं मोठं गिऱ्हाईक मिळालं ते खराब हवामानात माणसं मेल्यामुळे.

*

आता घाटाकडे परत येते, कारण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

१२ जुलै १९४९ रोजी दिल्लीहून मुंबईला येणारं केएलएम कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान पावसात, ढगांत सांताक्रूझला उतरायच्या तयारीत असताना घाटकोपरच्या डोंगरावर आदळलं. ४५ माणसं गेली. त्यांत इंडोनेशियाचा दौरा करून परतणारे १३ अमेरिकी पत्रकार होते. पुलित्झर पुरस्कार मिळालेले एच. आर. निकरबॉकर त्यांपैकी एक. जिथे आज मेट्रोखाली रिक्षांची रांग लागते, त्या उपनगराच्या मागचा हा डोंगर.

तेरा वर्षांनी, पुन्हा जुलैत, अलितालिया कंपनीचं डीसी-८ हे जेट विमान सिडनीहून रोमला निघालं होतं. बँकॉक झालं होतं, पुढचा थांबा मुंबई. ७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकतीच उलटली होती. विमान मुंबईत उतरण्यासाठी खाली येऊ लागलं आणि आपल्या पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या डोंगरांत आदळलं. विमानात ९४ माणसं होती. एकही वाचलं नाही.

चौकशीत जे निघालं ते मी अनेकदा वाचलं आहे. वाटेच्या हिशेबात चूक झाली होती. आपण मुंबईच्या जितके जवळ आहोत असं वैमानिकाला वाटत होतं, तितकं विमान जवळ नव्हतं. म्हणून तो वेळेआधी खाली उतरू लागला. आपण नेमके कुठे आहोत हे तपासायची साधनं होती, ती वापरली गेली नाहीत. त्या पट्ट्यात ज्या उंचीखाली उतरायचंच नाही अशी मर्यादा होती, ती ओलांडली गेली. आणि खालच्या मुलखाची त्याला ओळख नव्हती.

अपघाताची जागा मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटरवर. जेट विमानाला ते दहा मिनिटांचं अंतर. उंची सुमारे ३,६०० फूट. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी उठून खिडकीपाशी गेले, बाहेर अर्थातच काही दिसत नव्हतं. विसापूरचा माथा ३,५५६ फूट. त्या रात्रीच्या डोंगराची आणि माझ्या डोंगराची उंची जवळपास एकच.

माझी चूक आणि ती चूक सारखी नव्हती. मी दाब लावला नव्हता, तिथे जागाच चुकली होती. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. विमानतळावरून मिळणारं हवामान विमानतळाचं असतं. मुंबईची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम ३९ फूट वर आहे. तिथला वारा, तिथला पाऊस, तिथले ढग किती फुटांवर, हे सगळं अगदी खरं असलं, तरी ते तुम्ही मुंबईत असाल तरच तुमच्या उपयोगाचं. सह्याद्रीच्या धारेवर असलेल्या माणसाला ते खरं हवामान खोट्याइतकंच घातक. डोंगर आपला आवाज कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर वाजवत नाही.

*

लांबच्या विमानांसाठी आणखी एक प्रसारण आहे, व्होलमेट. फ्रेंचमधले उड्डाण आणि हवामान हे दोन शब्द जोडून झालेलं नाव. एटिस एका विमानतळाचं आणि जवळपासच ऐकू येतं, कारण त्याच्या लहरी सरळ जातात. मध्ये घाट आला की संपलं. व्होलमेट शॉर्टवेव्हवर असतं, समुद्र ओलांडून जातं. आपल्याकडची मुख्य फ्रिक्वेन्सी ६,६७६ किलोहर्ट्झ. तिच्यावर सगळे वाटून बसलेले आहेत, प्रत्येकाला पाच मिनिटं. तास वाजला की सिडनी, पाच मिनिटांनी कोलकाता, मग बँकॉक, पंधराव्या मिनिटाला कराची, मग सिंगापूर, पंचविसाव्याला मुंबई. अर्ध्या तासाने पुन्हा तोच फेरा.

हे वेळापत्रक मी पहिल्यांदा कागदावर लिहून काढलं तेव्हा कराची आणि मुंबई एका रांगेत बघून थबकले. जे. आर. डी. ज्या दोन शहरांमध्ये टपाल घेऊन आले, त्यांच्यामध्ये पुढे सरहद्द आली, युद्धं झाली. हवामान मात्र एकाच लहरीवर, एकमेकांची पाळी संपेपर्यंत थांबून सांगायचं ठरलं. ढगाला व्हिसा लागत नाही, हे दोन्हीकडच्या हवामानवाल्यांना ठाऊक आहे.

पण या रांगेतही जे बोलतात ते विमानतळच. मधलं कोणी नाही.

सिम्युलेटरला ही मधली जागा भरावीच लागते, कारण पडद्यावर काहीतरी दाखवायला हवं. माझ्या जुन्या आवृत्तीत तो जवळच्या केंद्रांची नोंद घ्यायचा आणि त्यावरून मधल्या भागाचा अंदाज बांधायचा. पुण्यात पाच किलोमीटर दिसतंय, मुंबईत तीन, म्हणजे लोणावळ्यात चारेक किलोमीटर दिसत असणार. गणित सरळ आहे. आणि मी त्या लोणावळ्यात बसून, चार हातांवरची भिंत न दिसणाऱ्या खिडकीशेजारी, पडद्यावर चार किलोमीटर लांबचं बघत होते. समुद्रावरून आलेलं वारं आमच्या कड्याला धडकून वर चढतं, थंड होतं आणि इथेच सगळं ओततं. तळेगावला पोचेपर्यंत रिकामं झालेलं असतं. दोन टोकांची सरासरी काढून घाट कळत नाही. २०२०च्या आवृत्तीपासून हा खेळ जगभराच्या हवामानाचं संगणकी प्रारूप वापरतो. आता पावसाळ्यात पडद्यावरही बऱ्याचदा आमचा ढग येतो. मला त्याचा आनंद होतो, आणि लगेच वाटतं, हाही अंदाजच आहे.

*

बाबांच्या रेल्वेने हा प्रश्न फार आधी, फार साध्या पद्धतीने सोडवला होता. बोरघाटातून १८६३पासून गाड्या जातात. खंडाळ्याचा स्टेशनमास्तर खंडाळ्याचं सांगू शकतो, कर्जतचा कर्जतचं. मधल्या बोगद्याच्या तोंडावर आत्ता दगड पडला का, हे दोघांनाही बसल्या जागी दिसत नाही. म्हणून पावसाळ्यात रात्रभर रुळावरून माणूस चालतो. हातात दिवा, पाठीवर झेंड्या आणि रुळावर लावायचे फटाके, म्हणजे दरड दिसलीच तर येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली आवाज व्हावा आणि ड्रायव्हरने ब्रेक लावावा. पलीकडून दुसरा गस्तवाला निघालेला असतो. दोघं मध्ये भेटतात आणि गस्तीची पुस्तकं बदलतात. याचं पुस्तक त्याच्याकडे, त्याचं याच्याकडे. मी शेवटपर्यंत चालत आलो, याचा तो पुरावा.

बाबांनी ही नोकरी कितीतरी पावसाळे केली. मला ती कळली विसापूरला आदळल्यानंतर.

आता ते निवृत्त आहेत आणि मी पुण्यात नोकरी करते. शनिवार-रविवारी घरी आले की कधीकधी व्हॅटसिमवर बसते. २००१पासून चालणारं हे जाळं आहे. त्यात जगभरचे हौशी लोक नेटवरून एकाच आकाशात उडतात, आणि काही जण माझ्यासारखे हेडफोन लावून नियंत्रक होतात. तिथे हवामान खरं असतं, आवाजही खऱ्या माणसांचे असतात. मुंबईच्या नियंत्रकाची जागा मिळाली की एटिसची माहिती मी लावते.

मागच्या जुलैत एक मुलगा आला. आवाजावरून शाळकरी वाटत होता. पुण्याहून मुंबईला, छोटं विमान, उंची ४,००० फूट. माझ्याकडे ब्राव्हो आहे, म्हणाला. तोवर डेल्टा आलं होतं. मी त्याला थांबवलं आणि सांगितलं, क्यूएनएच एक हजार एक. तो म्हणाला, बरं. मी म्हटलं, बरं नको, आकडा परत सांग. दाबाचा आकडा वैमानिकाने परत म्हणून दाखवायचा असतो, खऱ्या आकाशातही तोच नियम आहे. थोडा वेळ नुसती खरखर. मग तो म्हणाला, "क्यूएनएच एक हजार एक." आणि जरा थांबून, "मॅडम, मी तर ३,७००च्या खाली आहे."

"वर चढ," मी म्हटलं. "पाच हजार. तुझ्यापुढे विसापूर आहे."

बाबा चहा घेऊन मागे उभे होते. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, पण आकडे कळतात.

"काय म्हणाला?"

"मी सांगितलं तेच परत म्हणाला."

"मग झालं पुस्तक बदलून," ते म्हणाले आणि कप माझ्या टेबलावर ठेवून गेले.